उघड्या पत्र्यावरचं कुंकू

फोड मोजायची आता गरज नव्हती. जयवंतने ते काल संध्याकाळपासून इतक्यांदा मोजले होते की डोळे मिटले तरी दिसत होते. चार एका ओळीत आणि पाचवा जरा खाली, बाजूला. फियाटच्या फिक्या हिरव्या बॉनेटवर, उजव्या अंगाला, त्या पाचही जागी गव्हाच्या दाण्याएवढे फुगे दाटीने उठले होते. वरचा रंग चकचकीत होता. बोट फिरवलं की मात्र खालून काहीतरी वर ढकलतंय असं लागायचं.

रविवारची दुपार. लालबागच्या चाळीमागच्या गाळ्याचं शटर अर्धं खाली ओढलेलं, तरी ऊन आत शिरत होतं. नवरात्र सरून दोन आठवडे झाले होते, पण उकाडा काही हलत नव्हता. कंप्रेसर गप्प. शटरवर ‘धुरी बॉडी वर्क्स’ ही पाटी. ती अण्णांनी, म्हणजे जयवंतच्या वडिलांनी, गिरणी सुटल्यावर स्वतःच्या हाताने रंगवलेली. अण्णा गेले त्याला बावीस वर्षं झाली. पाटीवरची अक्षरं अजून कुठे उडाली नव्हती.

आणि ज्या पोरीने ही फियाट पत्र्यापर्यंत सोलून पुन्हा उभी केली होती, ती बॉनेटसमोर हाताची घडी घालून उभी होती. मेघना. जयवंतची एकुलती एक. तिची आई गेल्यापासून शाळेतून सुटली की ती याच गाळ्यात वाढली. इतर पोरी रांगोळीचे रंग ओळखत तेव्हा ही प्रायमरचे, म्हणजे गाडीच्या रंगाखालच्या थराचे, ओळखायची.

हितेंद्र स्टुलावर बसला होता. जयवंतचा धाकटा भाऊ, वयाने सात वर्षांनी लहान, पण घरातले निर्णय गेली दहा वर्षं त्याच्याच तोंडून बाहेर पडायचे. माणूस वाईट नव्हता, थकला होता. गिऱ्हाइकं सांभाळणं, सोसायटीची पत्रं, पुनर्विकासवाल्यांच्या सभा, सगळं त्याच्या अंगावर. गणपतीत सगळे एकत्र बसले तेव्हा त्यानेच अट घातली होती. एक गाडी. उघड्या पत्र्यापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत मेघनाने एक गाडी करून दाखवायची. जमलं तर गाळा तिच्या हाती. नाही जमलं तर दिवाळीनंतर शटर कायमचं खाली, आणि जागा कुरिअरवाल्यांना. त्यावर सगळ्यांनी मान हलवली होती. मेघनाने सगळ्यात आधी.

ती एक गाडी म्हणजे ही. ठाकूरद्वारच्या गुरुदत्त विजयकर वकिलांची, त्यांच्या वडिलांच्या वेळची. काल वकील सहज डोकावून गेले, बॉनेटवर हात फिरवला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, उद्या चार वाजता येतो, तोवर हे काय आहे ते तुम्हीच मला सांगा. आवाज न चढवता बोलणारा माणूस होता. असा माणूस गाडी उचलून नेतो तेव्हा परत आणत नाही, हे हितेंद्रला पक्कं ठाऊक होतं.

तो आता तेच बोलत होता. पत्रा नीट साफ झाला नाही. गंजाचा कण कुठेतरी राहिला, वर प्रायमर बसला, आत ओल कोंडली. दादाने केलेल्या कामात चाळीस वर्षांत असं झालं नाही. यात पोरीचा दोष आहे असं त्याला म्हणायचं नव्हतं, अनुभवाचा दोष आहे, असं तो तीनदा म्हणाला, आणि तिन्ही वेळा बघितलं मेघनाकडेच.

मेघनाने शांतपणे सगळं सांगितलं. जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवला. गंज काढायचं ॲसिड फिरवलं, धुतलं, गरम हवेने सुकवलं, थिनरच्या फडक्याने दोनदा पुसलं. त्यानंतर हातमोज्याशिवाय बोट लावलं नाही, कारण आपल्या हवेत उघड्या पत्र्याला माणसाचा घामसुद्धा पुरतो.

“नवमीला सकाळी अकराला हे बॉनेट आरशासारखं होतं, काका. मी म्हटलं होतं, आधी प्रायमर मारते, मग पूजा. तुम्ही म्हणालात, वेळ टळेल.”

“म्हणजे आता पूजेचा दोष?”

“मी असं म्हटलं नाही.”

तिने तसं म्हटलं नव्हतं, आणि तेच जयवंतला जास्त लागलं. कारण दोष पूजेचा नव्हता आणि पोरीचा तर नव्हताच.

नवमीचा तो दिवस त्याला घासून काढता येत नव्हता. खंडेनवमी, म्हणून सकाळपासून कानस, हातोडे, रंगाची गन, कंप्रेसर सगळं धुऊन मांडलेलं. झेंडूच्या माळा. आये, म्हणजे जयवंतची आई रमाबाई, चौऱ्याऐंशी वर्षांची, चाळीचे दोन जिने उतरून ताम्हण घेऊन आली होती. दरवर्षी हत्यारांना हळदकुंकू वाहायची आणि गाळ्यात जी गाडी असेल तिला लावायची. आजवर ती गाडी नेहमी रंगलेली असायची, नाहीतर निदान प्रायमर चढलेली. या खेपेला स्टँडवर मेघनाचं उघडं बॉनेट होतं. नातीची पहिली गाडी. आयेने पाची बोटं ओल्या हळदकुंकवात बुडवली आणि त्या आरशावर ठेवली. मिटल्या डोळ्यांनी बराच वेळ काहीतरी पुटपुटली. मेघना तेव्हा बाहेर नारळ फोडत होती. तिने पाहिलं नाही.

आरती दारात मांडलेल्या हत्यारांसमोरच झाली. आयेचा उपास, ऊन चढलेलं. मेघनाने तिला वर न्यावं, जेवू घालावं, तोवर प्रायमर मी मारतो, असं जयवंतच म्हणाला. मेघना घुटमळली. अट तिला माहीत होती. पण बापाच्या हाताला दोन वर्षांपासून कंप सुटलाय, त्याला गन द्यायला कोणी तयार नसतं, हेही तिला माहीत होतं. ती म्हणाली, “एकच हात मारा, पप्पा,” आणि आजीला घेऊन गेली.

हितेंद्र आरती होताच वर गेला होता. मग गाळ्यात फक्त तो आणि बॉनेट. आणि बॉनेटवर आयेची पाच बोटं.

थिनरचं फडकं त्याने हातात घेतलं होतं. दोनदा घेतलं, दोनदा ठेवलं. आदल्याच दिवशी, अष्टमीला, ठाकूरद्वारच्या देवळात कीर्तन होतं. आयेला घेऊन तो गेला होता, गेली कित्येक नवरात्रं जातो तसा. बुवांचा आवाज लागला होता, पेटीवाल्याने सूर धरला की अंगावर काटा यावा असा. आणि निरूपणात बुवा म्हणाले होते, भावाने लावलेलं बोट देवसुद्धा पुसत नाही. ते वाक्य जयवंतच्या कानात घर करून बसलं होतं. देव पुसत नाही ते मी पुसू? आयेचं वय बघता पुढल्या नवमीला ती जिने उतरेल की नाही कोण सांगणार. त्याने फडकं खुंटीला अडकवलं आणि गनचा चाप ओढला. राखाडी प्रायमरखाली ती बोटं हळूहळू दिसेनाशी झाली. चाळीस वर्षं त्याने इतरांना शिकवलं होतं, पत्र्यावर ओल ठेवून रंग मारू नये. त्या दिवशी त्याने ती हळदकुंकवासकट, पाण्यासकट, आत कोंडली.

आता ती बाहेर यायला बघत होती.

“दादा, तू काय म्हणतोस?” हितेंद्रने विचारलं.

जयवंत म्हणाला की पाच जागा आहेत, वरवर घासून पुट्टी भरू, एक हात रंग मारू, वकिलांना कळणार नाही. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. असलं काम त्याने दुसऱ्याच्या गाळ्यात पाहिलं असतं तर थुंकला असता.

मेघनाने वळून बापाकडे पाहिलं. पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली, आणि त्या पटकन काढलेल्या नजरेत जयवंतला सगळं कळलं. पोरीला वाटत होतं की बापाचा हात थरथरला. प्रायमर कुठे जाड, कुठे पातळ पडला, आणि म्हणून फोड आले. म्हणूनच ती इतका वेळ पत्रा कसा साफ केला तेवढंच सांगत होती. प्रायमर कोणी मारला हे तिने तोंडातून काढलं नव्हतं. गाळा हातचा चालला होता, आणि ती बापाचा हात झाकत होती.

“पुट्टी नको,” ती म्हणाली. “महिन्याभरात पुन्हा वर येईल. मला खालपर्यंत उघडून बघायचंय.”

हितेंद्र म्हणाला, आता उघडून काय सापडणार, गंजच सापडेल. यावर दर्शना बोलली. दर्शना हितेंद्रची बायको. सकाळपासून कोपऱ्यात बसून सगळ्यांना चहा ओतत होती, आणि घरात आजवर नवऱ्याच्या शब्दापलीकडे गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. ती म्हणाली की मला रंगातलं काही कळत नाही, पण एक गोष्ट सकाळपासून बघतेय. चार दरवाजे आहेत, टप आहे, डिकी आहे, मडगार्डं आहेत. सगळी तिनेच साफ केली. त्यांना कुठे काही झालं नाही.

“मग एकट्या बॉनेटलाच का होईल? उघडून बघू द्या ना तिला.”

हितेंद्रने बायकोकडे असं पाहिलं की जणू स्टूलच बोललं. पण तोही उठून दरवाज्यावरून, टपावरून हात फिरवून आला.

मेघनाने पॉलिश पेपर घेतला, पाण्यात बुडवला, आणि पहिल्या फोडावर ठेवला. कर्र कर्र असा आवाज. हिरवा रंग दुधासारखा पातळ होऊन वाहू लागला. खालून राखाडी दिसू लागलं.

त्याच वेळी शटरखालून आधी काठी आणि मग आये आत आली. कोणी बोलावलं नव्हतं. वर एकटीला करमेना, आणि खाली घरातली सगळी जमलीत म्हटल्यावर तिचा जीव वर कसा राहणार. ती दर्शनाच्या शेजारी पाटावर बसली आणि विचारलं, काय चाललाहा.

जयवंतला वाटलं, आता पळून जावं. साठी उलटलेल्या माणसाला कुठे पळता येतं? मेघनाचा हात गोल गोल फिरत होता. अजून चार घासे, आणि आयेसमोर ते उघडं पडणार. आणि ते पोरीच्या हाताने उघडं पडणार. ज्या पोरीने सकाळपासून आपल्याला झाकलं, तिलाच स्वतःच्या आजीचा हात गंजलेला दाखवायला लागणार.

तो पुढे झाला. “आण इकडे.”

“पप्पा, राहू दे. मी करते.”

“आण म्हटलं ना.”

त्याने पेपर घेतला. हाताला कंप होता, पण पेपर पत्र्याला टेकला की तो थांबायचा, नेहमीच थांबायचा. त्याने पहिली जागा खालपर्यंत नेली. मग दुसरी, तिसरी. बाहेर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. चौथी. मग खालची पाचवी. त्याने ओल्या फडक्याने ते रंगाचं दूध पुसलं आणि बाजूला सरला.

उघड्या, पांढऱ्या पत्र्यावर गंजाची पाच बोटं उमटली होती. लालसर, तपकिरी, कडेला पिवळी. अंगठा खाली. तीन बोटं सरळ आणि करंगळी बाहेर वाकलेली. धुऱ्यांच्या घरात त्या करंगळीला ओळखत नाही असं कोणी नव्हतं. ऐन तारुण्यात जात्याखाली सापडली होती ती.

आये काठी टेकत उठली. जवळ आली. स्वतःचा उजवा हात वर केला, त्याच्याकडे पाहिलं, मग पत्र्याकडे.

“ह्यो तर माझो हात,” ती म्हणाली.

मग जयवंतने सांगितलं. सगळं एका दमात. नवमीला प्रायमर आपण मारला. ठसा दिसत होता. फडकं हातात होतं. पुसलं नाही. पोरीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि सकाळपासून तिच्यावर खापर फुटत असताना आपण गप्प राहिलो.

हितेंद्र म्हणाला, “प्रायमर तू मारलास? मग अट...” आणि पुढचं वाक्य त्याचं त्यानेच गिळलं.

पण जयवंतला त्याची भीती नव्हती. तो आयेकडे बघत होता. तिला आता वाटेल की आपल्या आशीर्वादाने नातीचं काम नासलं. हेच तिच्या कानावर जाऊ नये म्हणून तर तो पुट्टीपर्यंत गेला होता.

आयेने त्याला विचारलं, “कित्याक पुसलंस नाय रे?”

तो म्हणाला, अष्टमीला बुवा म्हणाले होते, भावाने लावलेलं बोट देवसुद्धा पुसत नाही.

“आणि फुडे काय म्हणाले?”

जयवंतला पुढचं आठवेना. पेटीचा सूर आठवत होता, समईची वात आठवत होती, आणि मग एकदम आरतीची टाळी.

“तुका खयसून आठवतला. कीर्तनाचो पूर्वरंग ऐकलंस आणि फुडल्या उत्तररंगाक घोरूक लागलंस. मी बाजूक बसान चिमटे काढी होतंय.” दर्शनाने पदर तोंडाला लावला. आयेच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. ती थकल्या आवाजात, एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं सांगत होती. “बुवा म्हणाले, देव पुसणा नाय, म्हणान आपण पुसूचा. सकाळी उठान मी देवांका न्हाऊ घालतंय, तेव्हा कालचा कुंकू तसाच ठेवतंय काय? कालची फुला तशीच? ता निर्माल्य, बाबा. काल वाहिलेला आज काढूचा, तेचाच नाव पूजा. तसाच ठेवलास तर देव पण काळो पडता.”

ती पुन्हा पत्र्याकडे वळली. “आणि चेडवाच्या डोक्यार खापर फुटला, आणि तू गप रवलंस. ह्या मात्र बरा केलंस नाय.”

एवढंच. ती रागावली नाही, रडली नाही. जयवंतला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

मेघनाने बापाकडे पाहिलं. “मला वाटलं तुमचा हात...” म्हणाली आणि थांबली.

“ठाऊक आहे मला,” जयवंत म्हणाला.

चार वाजता वकील आले. सफेद सदरा, हातात छत्री, वेळेवर. बॉनेट पाहिलं, सगळ्यांची तोंडं पाहिली. हितेंद्र बोलायला पुढे सरकला तर आयेनेच त्याला हाताने थांबवलं आणि आपला हात वकिलांसमोर धरला, तसाच, करंगळीसकट. मग पत्र्याकडे बोट केलं. वकिलांनी दोन्हीकडे नीट पाहिलं. विजयकरांच्या घरातही दसऱ्याला ही गाडी धुऊन हार घालायचे, कुंकू लावायचे. ते म्हणाले की संध्याकाळी वडील ते स्वतः ओल्या फडक्याने पुसायचे आणि आमच्या आईची दरवर्षी बोलणी खायचे. मग ते मेघनाकडे वळले.

“किती दिवस लागतील?”

“बॉनेट पुन्हा सगळं उघडं करीन. आज प्रायमर. दोन दिवस सुकवीन, मग रंग. गुरुवारी संध्याकाळी बघा.”

“आणि गुरुवारी पुन्हा फोड असले तर?”

“तर घेऊन जा, वकीलकाका. मी थांबवणार नाही.”

वकिलांनी छत्री काखेत मारली. गुरुवारी येतो म्हणाले. दिवाळीतही एकदा येऊन बघेन, म्हणाले, फोड लगेच दिसतात असं नाही. गेले. त्यांनी माफ केलं की नाही ते कोणालाच नीट कळलं नाही.

हितेंद्र वकिलांना शटरपर्यंत सोडून आला. मग त्याने बायकोला विचारलं, चहा उरलाय का. दर्शनाने उरलेला ओतून दिला. तो पिता पिता म्हणाला की कुरिअरवाल्यांना मी दिवाळीनंतरचंच सांगितलंय, तोवर कोणाला काही कळवत नाही. आणि प्रायमर या वेळी तिने मारायचा, दादाने नाही. दुसऱ्या कोणी तिथे बोटसुद्धा लावायचं नाही. हे बोलताना त्याने भावाकडे पाहिलं नाही, पण जाताना खांद्यावर हात ठेवून गेला.

पुढचे दीड तास मेघना बॉनेट घासत होती. रंग, प्रायमर, सगळं. ॲसिड, पाणी, गरम हवा, थिनर. पाच बोटं हळूहळू फिकी झाली, आणि मग नाहीशी झाली. पत्रा उघडा पडला तसा उन्हाचा एक तुकडा त्यात येऊन बसला. आये पाटावरून बघत होती. नमस्कारासाठी हात पुढे व्हायला लागला तसा तिनेच तो आवरला, मागे घेतला आणि पदरात गुंडाळून ठेवला.

“तुझा होऊ दे आधी,” ती नातीला म्हणाली. “मी थांबतंय.”

मेघनाने मास्क चढवला, मोजे घातले. जयवंतने खुंटीवरची गन काढली. चाळीस वर्षं ती त्याच्याच खुंटीला असायची. नळी जोडली, प्रायमर भरला, झाकण घट्ट केलं, आणि हात थरथरत होता तसाच तिच्यापुढे धरला. तिने गन घेतली.

मग त्याला काय करावं कळेना. गाळ्यात कोणी रंग मारत असताना तो आजवर कधी नुसता उभाही राहिला नव्हता. शेवटी तो आयेच्या शेजारी जमिनीवर बसला, भिंतीला पाठ टेकून. गुडघे वाजले. कंप्रेसर सुरू झाला.

“निजा नको हां,” आये म्हणाली. “उत्तररंग हा ह्यो.”